भिंतीआडच्या व्यवस्थांचे दप्तर : प्रस्तावना

कोणतीही इमारत दोन अंगांनी उभी असते. एक अंग डोळ्यांना दिसते : जोते, भिंती, छत, जिना, रंग. दुसरे अंग गिलाव्याच्या आड, छताच्या पोटात, जिन्याखालच्या खोलीत आणि गच्चीवरील टाकीपाशी अहोरात्र राबत असते. विजेच्या तारा व अर्थिंग, पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ, पंप, लिफ्ट, जनित्र, अग्निशमनाची नळयोजना, रुग्णालयात प्राणवायू वाहून नेणाऱ्या नलिका या साऱ्यांना बांधकामाच्या व्यवहारात इमारतीच्या सेवा म्हणतात. त्या ठीक चालल्या म्हणजे कोणाच्या ध्यानीमनी नसतात, आणि बिघडल्या म्हणजे त्याच इमारतीत राहणे अशक्य होऊन बसते. या सेवा खरेदी कशा कराव्यात, बसवून कशा घ्याव्यात, वर्षानुवर्षे त्यांची निगा कशी राखावी, आणि या सर्व व्यवहाराचे दप्तर विश्वसनीय राहावे म्हणून ब्लॉकचेन या नव्या तंत्राचा उपयोग कोठवर होऊ शकेल, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा विचार महानगरातील एखाद्या बहुमजली कचेरीत न मांडता सोनईसारख्या गावी मांडावा, याला सबळ कारण आहे. नेवासे तालुक्यातील हे गाव उसाच्या पट्ट्यातले. मुळा सहकारी साखर कारखाना आणि मुळा एज्युकेशन सोसायटी यांच्यामुळे येथे आणि आसपास गेल्या दोन पिढ्यांत ज्या वास्तू उभ्या राहिल्या, त्या कोणा एका धनिकाच्या मालकीच्या नाहीत. सहकारी संस्था, शाळा-महाविद्यालये, वसतिगृहे, दवाखाने, देवस्थानांची भक्तनिवासे यांचा मालक म्हणजे हजारो सभासदांचा, पालकांचा वा भाविकांचा समुदाय. आणि त्याच्या वतीने निर्णय घेणारे संचालक किंवा विश्वस्त मात्र मुदतीने येतात आणि मुदतीने जातात. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची असते, आणि चांगल्या प्रतीची लिफ्ट किंवा विजेचे मुख्य पॅनल वीस-पंचवीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. म्हणजे एका यंत्राच्या आयुष्यात चार-पाच मंडळे होऊन जातात. ज्याने ते घेतले तो, ज्याने बसवले तो आणि ज्याला ते चालवायचे आहे तो, हे तिघे बहुधा एकमेकांना कधी भेटतच नाहीत. त्यांची भेट व्हायची ती दप्तरातच, आणि म्हणून दप्तराचा प्रश्न सार्वजनिक मालकीच्या इमारतींत जितका जिव्हाळ्याचा आहे, तितका खासगी बंगल्यात नाही.

सोनईपासून हाकेच्या अंतरावर शनिशिंगणापूर आहे. तेथील घरांना दारे-कुलपे नसण्याचा रिवाज सर्वज्ञात आहे, आणि २०११ साली युको बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली, हेही अनेकांना आठवत असेल. एका श्रद्धेच्या छायेत, परस्परांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या माणसांमध्ये असा विश्वास नांदू शकतो, ही गोष्ट थोर आहे. परंतु ज्या क्षणी आपण पुण्याच्या पुरवठादाराकडून, गुजरातेत तयार झालेला पंप, नगरच्या मक्तेदाराच्या हातून, परप्रांतीय कारागिराकरवी बसवून घेतो, त्या क्षणी परस्परपरिचयाची ती भूमी आपल्या पायांखालून सरकलेली असते. अपरिचितांमधील व्यवहाराला साक्ष लागते; ती साक्ष कोणी द्यावी, कोठे ठेवावी आणि तिच्यात कोणाला फेरफार करता येऊ नये म्हणून कोणती तजवीज करावी, या प्रश्नापासून आपल्या विषयाचा आरंभ होतो.

इमारतीच्या सेवांची खरेदी ही दगडविटांच्या कामाहून अवघड असते. भिंत टेप लावून मोजता येते, काँक्रीटचा घन करून त्याची ताकद तपासता येते, आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ व बी-२ या निविदा-नमुन्यांनी टक्केवारीचे किंवा बाबवार दर ठरवून घेता येतात. सेवांचे मोल मात्र त्यांच्या चालण्यात असते : पंप बसला की नाही यापेक्षा तो ठरल्या दाबाने ठरले पाणी ठरल्या विजेत चढवतो की नाही, हे महत्त्वाचे. त्यातून या कामाला लागणारे हात पुष्कळ. उत्पादक, वितरक, मुख्य मक्तेदार, त्याचा पोटमक्तेदार, वायरमन, प्लंबर, सल्लागार, शासकीय निरीक्षक आणि पुढे वार्षिक देखभालीचा करार घेणारी कंपनी, असे प्रत्येक जण आपापली फाईल ठेवतात. आणि तंटा उपस्थित झाला म्हणजे कळून येते की एकाच केबलविषयी चार फायलींत चार वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. कागदावर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असते, भिंतीत अडीचची असते, आणि भिंत फोडल्याखेरीज खरे काय ते समजण्याचा मार्ग उरत नाही.

आपल्या देशाला दप्तराची परंपरा नव्हती असे मुळीच नाही. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली आणि त्याला १६,११० रुपये खर्च आला, हे आज जवळजवळ तीन शतकांनंतर आपण सांगू शकतो. आणि दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या एखाद्या वसतिगृहातील बोअरचा पंप कोणत्या कंपनीचा, किती अश्वशक्तीचा व कोणत्या हमीवर घेतला, हे सांगताना मात्र कचेरीत धावपळ उडते. साक्षीची परंपरा तर याहूनही जुनी आहे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे निवाड्याचा महजर होई, आणि त्यावर देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारांचीही निशाणी पडे. पाटील नांगर काढी, सुतार-लोहार आपापल्या हत्याराची खूण करीत. निवाडा एका अधिकाऱ्याच्या शब्दावर न राहता साऱ्या पंचक्रोशीच्या स्मरणात आणि सहीत विभागून राही. बनावट महजर त्या काळीही झाले. पण ते करणाऱ्याला एका नव्हे तर अनेक साक्षीदारांना एकाच खोट्यात सामील करून घ्यावे लागे, आणि तेच त्या पद्धतीचे बळ होते.

लेखी शब्द हातोहात जाताना कसा बदलतो, याचा सर्वांत उदात्त दाखला तर आमच्या तालुक्याच्या गावीच आहे. नेवाशाला पैस खांबापाशी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे तीन शतके ती नकलांच्या द्वारे महाराष्ट्रभर पसरली, आणि नकलनविसांच्या हातून तीत पाठभेद व पदरच्या ओव्या शिरल्या. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असे निक्षून सांगितले. नकला जितक्या अधिक तितके रक्षणही अधिक आणि विकृतीचा संभवही अधिक, हा पेच त्यांच्या या परिश्रमातून स्पष्ट दिसतो. एक प्रत ठेवावी तर ती नष्ट होते किंवा धनी तिच्यात हवे ते बदलतो; अनेक प्रती ठेवाव्यात तर त्या परस्परांशी जुळेनाशा होतात. ब्लॉकचेन हे तंत्र नेमक्या या जुन्या पेचाला दिलेले गणिती उत्तर आहे.

ब्रिटिश अमदानीत बांधकाम खात्याने या पेचावर मोजमाप पुस्तिकेची तोड काढली, आणि ती आजही आपल्या राज्यात चालू आहे. पुस्तिकेला क्रमांक असतो, पानांना क्रमांक असतात, पान फाडता येत नाही, नोंद शाईनेच करावी लागते आणि खोडून टाकता येत नाही. चूक झालीच तर तिच्यावर रेघ मारून, शेजारी दुरुस्ती लिहून सही करावी लागते, म्हणजे जुनी चूकही वाचता येते आणि ती कोणी सुधारली तेही कळते. देयक काढल्यावर त्या मोजमापांवर तिरकी रेघ ओढली जाते, जेणेकरून त्याच कामाचे पैसे पुन्हा निघू नयेत. ज्या कनिष्ठ अभियंत्यांनी उन्हातान्हात खांबाशेजारी उभे राहून ही पुस्तिका प्रामाणिकपणे लिहिली, त्यांचे ऋण आपण मान्य केले पाहिजे. क्रमाने नोंद, अखंड पाने, न पुसता येणारी शाई आणि एकाच कामाला एकच देयक, ही चारही तत्त्वे ब्लॉकचेनमध्ये जशीच्या तशी आहेत. उणीव एवढीच की पुस्तिका एकच असते, आणि ती ज्याच्या कपाटात असते त्याच्या हाती साऱ्या व्यवहाराची किल्ली असते.

नव्या तंत्राचा इतिहास थोडक्यात असा. १९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी, संगणकावरील दस्तऐवज अमुक दिवशी अमुक रूपात अस्तित्वात होता हे सिद्ध कसे करावे, याची रीत प्रसिद्ध केली. कोणत्याही दस्तऐवजापासून गणिताने एक ठरावीक लांबीचा ठसा काढता येतो. त्याला हॅश म्हणतात. आज रूढ असलेल्या एका पद्धतीत तो चौसष्ट चिन्हांचा असतो. दस्तऐवजात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा सर्वस्वी निराळा येतो, आणि ठशावरून मूळ मजकूर काढणे व्यवहारतः अशक्य असते. प्रत्येक नव्या नोंदीत मागील नोंदीचा ठसा गुंफला, की मागची एक नोंद बदलू पाहणाऱ्याला तिच्यानंतरच्या सर्व नोंदी बदलाव्या लागतात. हेबर व स्टॉर्नेटा यांच्या कंपनीने १९९५ पासून असा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जाहिरातींत छापण्यास प्रारंभ केला; वृत्तपत्राच्या लाखो प्रती घरोघरी पोहोचल्यावर त्या सर्व बदलणे कोणाला शक्य आहे? पुढे २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या लेखाने याच कल्पनेला, कोणी एक मुख्य कारकून नसतानाही सर्व प्रती एकमताने जुळत्या ठेवण्याची युक्ती जोडली, आणि तिच्यातून बिटकॉइन हे चलन निर्माण झाले.

चलनाच्या सट्ट्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपल्या कामासाठी पुरेशी असते ती ओळखीच्या सभासदांची मर्यादित साखळी, जिच्यात संस्था, सल्लागार, मक्तेदार, बँक आणि तपासणी करणारे खाते यांपैकी प्रत्येकाच्या संगणकावर नोंदवहीची प्रत असते आणि नवी नोंद ठरल्या संख्येच्या संमतीनेच दाखल होते. अशा साखळीला बिटकॉइनप्रमाणे प्रचंड वीज लागत नाही. सार्वजनिक साखळ्यांपैकीही इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये आपली पद्धती बदलून विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटवला, हे येथे नमूद केले पाहिजे.

या तंत्राचा उपयोग तीन टप्प्यांवर पाहावा लागतो. पहिला टप्पा खरेदीचा. आपल्या राज्यात ऑनलाइन निविदांची पद्धत रूढ झाली आहे, केंद्राने २०१६ मध्ये सरकारी खरेदीसाठी ‘जेम’ ही ऑनलाइन बाजारपेठ उघडली आहे, आणि बंद लिफाफे वेळेआधी उघडण्याची जुनी तक्रार त्यामुळे बरीच कमी झाली आहे. साखळीमुळे येथे जी भर पडते ती मर्यादित पण मोलाची आहे : बोलीचा ठसा मुदतीपूर्वी सर्वांच्या प्रतींत नोंदला गेला, की उघडण्याच्या दिवशी तीच बोली पुढे आली की नाही हे कोणीही पडताळू शकतो, आणि बयाणा रक्कम, शुद्धिपत्रके, तुलनात्मक तक्ता आणि कार्यारंभ आदेश यांचा क्रम नंतर फिरवता येत नाही. तथापि निविदेच्या अटीच एखाद्या पुरवठादाराच्या मापाने बेतल्या असतील, तर साखळी तोही अन्याय तितक्याच निष्ठेने जतन करील. त्यावरचा इलाज अटी लिहिणाऱ्याच्या विवेकात आहे.

दुसरा टप्पा कामाचा आणि देयकाचा. बांधकामातील दुःख असे की पैसा वरून खाली उतरताना प्रत्येक पायरीवर थबकतो. संस्थेने मुख्य मक्तेदाराला चालू देयक दिले तरी त्याच्या हाताखालच्या वायरिंगवाल्याला ते कधी पोहोचेल याची शाश्वती नसते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे आणि न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असा २००६ चा कायदा आहे. पण माल नेमका कोणत्या दिवशी स्वीकारला गेला, याच्याच पुराव्यावरून वाद होतो. स्वीकृतीची नोंद साखळीत तिघांच्या संमतीने झाली, की मुदत त्या क्षणापासून मोजता येते, आणि ठरलेल्या अटी पुऱ्या होताच रक्कम पोटमक्तेदाराच्या खात्यात परस्पर वर्ग व्हावी अशी आज्ञावली करारालाच जोडता येते. तिला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. ही कल्पना आपल्या कायद्याला अगदी अपरिचित नाही. स्थावर संपदा कायद्यान्वये ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांखेरीज ती काढता येत नाही. त्याच कायद्यात ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातीलच नव्हे, तर सेवांच्या दर्जातील दोषही विकासकाने स्वखर्चाने दूर करावेत अशी तरतूद आहे. मात्र दोष सिद्ध करायचा तर मुळात काय बसवायचे ठरले होते, हे सिद्ध करता आले पाहिजे.

तिसरा टप्पा देखभालीचा, आणि माझ्या मते या तंत्राची खरी गरज येथेच आहे. खरेदीवर पुष्कळांची नजर असते, कारण त्या वेळी पैसा हालत असतो. अंतिम देयक निघाले आणि सुरक्षा अनामत परत गेली की इमारत एकाकी होते. पुढची वीस वर्षे तिचे आरोग्य रजिस्टरातील काही सह्यांवर अवलंबून राहते, आणि त्या सह्या कधी कधी एकाच दिवशी, एकाच पेनाने, साऱ्या वर्षाच्या केलेल्या असतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा मालकाकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेचा दाखला मागतो की अग्निशमनाची यंत्रणा चालू स्थितीत आहे. कायदा योग्य आहे. प्रश्न असा की दाखला देणारा त्या दिवशी खरोखर गच्चीवर गेला होता का, झडप उघडून पाण्याचा दाब त्याने पाहिला होता का, आणि मागील वेळी दाखवलेला दोष या वेळेपर्यंत दूर झाला होता का.

हे प्रश्न कोरडे नाहीत. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली आणि पुरवठा खंडित होऊन बावीस रुग्णांचे प्राण गेले. ६ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तेव्हाच्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) शासकीय रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. एखादी नोंदवही या मृत्यूंना टाळू शकली असती असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे म्हणणे त्या कुटुंबांच्या दुःखाशी प्रतारणा ठरेल. परंतु अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी समितीला पहिले काम करावे लागते ते कागद गोळा करण्याचे : काय बसवले होते, कोणी तपासले होते, कोणी कोणाला कळवले होते. ते उत्तर घटनेपूर्वी, सर्वांच्या समोर, दररोज उपलब्ध असले पाहिजे, एवढा आग्रह धरणे मात्र आपले कर्तव्य आहे.

इंग्लंडलाही हा धडा जबर किंमत देऊन शिकावा लागला. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला आग लागून बहात्तर माणसे मेली. त्यानंतर डेम ज्युडिथ हॅकिट यांनी २०१८ मध्ये सादर केलेल्या अहवालात, इमारतीच्या आराखड्यापासून तिच्या अखेरपर्यंत माहितीचा एक अखंड सोनेरी धागा राखला गेला पाहिजे, असे प्रतिपादन केले, आणि २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने उंच निवासी इमारतींना ते बंधनकारक केले. कायद्याने ब्लॉकचेनच वापरा असे म्हटलेले नाही. मागणी आहे ती अखंड, अद्ययावत आणि उत्तरदायी माहितीची. साधन कोणते हे त्यानंतरचे.

महाराष्ट्राला या साधनाचा अनुभव अगदीच नाही असे नाही. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली या दुर्गम उपविभागात सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या साखळीवर करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला, जेणेकरून दाखला खरा की बनावट हे कोणालाही तत्काळ पडताळता यावे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ब्लॉकचेनविषयक राष्ट्रीय धोरण प्रसिद्ध केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ ही स्वदेशी तंत्ररचना उपलब्ध करून दिली. कायद्याची भूमीही अनुकूल होत आहे : १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज न्यायालयात दाखल करताना द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्याच्या हॅशचा उल्लेख करावा लागतो. जो ठसा कालपर्यंत गणितज्ञांचा विषय होता, तो आज वकिलाच्या आणि मुन्सफाच्या टेबलावर येऊन पोहोचला आहे. दाखल्यापासून पंपापर्यंतचे अंतर त्यामानाने थोडे आहे.

आता या तंत्राच्या मर्यादा, ज्यांविषयी मौन पाळणे वाचकाशी अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी की साखळी लिहिलेले जपते. लिहिलेले खरे होते की नाही, हे तिला ठाऊक नसते. न तपासलेल्या पंपाची ‘तपासला’ अशी नोंद एकदा दाखल झाली, की ते असत्यही सत्याइतकेच चिरंजीव होते. म्हणून पहिल्या नोंदीच्या क्षणी यंत्राशेजारी एक जबाबदार माणूस उभा असला पाहिजे, त्याचे नाव नोंदीत असले पाहिजे, आणि शक्य तेथे दाबमापक व वीजमापक यांचे आकडे माणसाच्या हाताखेरीज परस्पर साखळीत गेले पाहिजेत. महजरावर निशाणी करणाऱ्या लोहाराला ती हकिकत प्रत्यक्ष माहीत असे. त्याच्या खुणेचे मोल त्या माहितीमुळे होते.

दुसरी मर्यादा स्वयंचलित कराराची. जून २०१६ मध्ये इथेरियमवरील ‘द डाओ’ नावाच्या निधीतून, त्याच्या आज्ञावलीतील एका दोषाचा फायदा घेऊन, सुमारे ३६ लाख इथर (त्या साखळीचे चलन) काढून घेण्यात आले. आणि जी साखळी कधी बदलत नाही म्हणून नावाजली जात होती, तिच्या चालकांनी पुढच्याच महिन्यात बहुमताने ती मागे फिरवली. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. करारात जे लिहायचे राहून गेले ते यंत्राला सुचत नाही; आणि अखेरचा निर्णय माणसांचाच असतो, म्हणून तो कोणी, कोणत्या रीतीने घ्यावा याचे नियम आधीच लिहून ठेवावेत. बांधकामात अकल्पित नेहमीचेच. पाया खणताना पाणी लागते, ठरलेल्या मॉडेलची लिफ्ट बाजारातून बंद होते, अवकाळी पावसाने काम थांबते. जेथे न्यायबुद्धीला वाव हवा, तेथे अभियंत्याची आणि लवादाची जागा आज्ञावलीला देऊ नये. निर्विवाद गोष्टी तेवढ्या तिच्याकडे सोपवाव्यात.

तिसरी मर्यादा खासगीपणाची आणि खर्चाची. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि साखळीतून काही पुसता येत नाही. कामगारांची नावे, हजेरी, बँकखाती असली माहिती म्हणून साखळीबाहेर ठेवावी आणि तिचा ठसा तेवढा आत नोंदवावा. खर्चाविषयी सांगायचे तर, जेथे मालक एक, मक्तेदार एक आणि परस्परांवर विश्वास आहे, तेथे एक नीट ठेवलेली वही पुरे. नव्याच्या हौसेने साखळीचा घाट घालणे म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय. पक्ष अनेक, मुदत दीर्घ, आणि नोंदवही ज्याच्या ताब्यात राहील त्याच्यावर इतरांचा पूर्ण भरवसा नाही, या तीन अटी जुळल्या तरच हे तंत्र आपला खर्च भरून काढते. सहकारी आणि सार्वजनिक संस्थांच्या इमारतींत त्या बहुधा जुळतात.

मग आरंभ कोठून करावा? माझी नम्र सूचना अशी की सोनईच्या परिसरातील एखाद्या संस्थेने साऱ्या इमारतीचा घाट न घालता एकच सेवा निवडावी, आणि ती शक्यतो अग्निशमनाची असावी, कारण तिच्यावर प्राण अवलंबून असतात आणि तिचे तपासणीचे वेळापत्रक कायद्यानेच ठरवून दिले आहे. पंप, झडपा, नळकांडी, धूरसूचक यांना क्रमांक द्यावेत. बसवतानाची छायाचित्रे, चाचणीचे अहवाल आणि गिलाव्यापूर्वीचा नळमार्गाचा नकाशा यांचे ठसे नोंदवावेत. आणि नोंदवहीच्या प्रती संस्थेच्या कचेरीत, परवानाधारक तपासनिसाकडे, लेखापरीक्षकाकडे, तसेच तालुक्यातील एखाद्या अभियांत्रिकी वा तंत्रविद्यालयात ठेवाव्यात. विद्यार्थ्यांच्या हाती एक प्रत असणे मला विशेष मोलाचे वाटते. ज्यांना पुढे हीच कामे करायची आहेत, त्यांनी शिकत असतानाच आपल्या गावच्या इमारतीची खरी नोंद वाचावी, जुलैच्या दाखल्याची जानेवारीच्या दाखल्याशी रुजुवात घालावी, आणि न जुळल्यास विचारणा करावी.

अशी विचारणा करण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी चालवलेल्या आंदोलनाच्या रेट्याने महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, आणि २००५ साली देशाला तसा कायदा मिळाला. त्या कायद्याने सामान्य माणसाला कागद मागण्याचा हक्क दिला. तरीही मागितलेला कागद गहाळ असल्याचे उत्तर येऊ शकते, किंवा अर्ज आल्यानंतर तो नव्याने तयार होऊ शकतो, ही उणीव राहिली. कागद जन्मतःच अनेकांच्या हाती नोंदला गेला, तर ती उणीव भरून निघते. हक्काला आधार मिळतो, आणि प्रामाणिक अधिकाऱ्यालाही, कारण त्याच्या काळात काय झाले आणि काय झाले नाही, हे त्याच्या बदलीनंतर कोणाला फिरवता येत नाही.

या पुस्तकाचे तीन भाग खरेदी, देयक आणि देखभाल या क्रमाने लावले आहेत; पण ज्या वाचकाला घाई असेल त्याने तिसरा भाग प्रथम वाचावा. संगणकशास्त्राचे ज्ञान गृहीत धरलेले नाही. संस्थेचा सचिव, शाखा अभियंता, मुख्याध्यापक, दवाखान्याचा व्यवस्थापक आणि विद्युत मक्तेदार यांना आपापल्या कामापुरते समजावे, एवढ्याच बेताने ते लिहिले आहे. या सर्वांना एकच विनंती. आपण आज ज्या झडपेची, ज्या केबलची, ज्या लिफ्टच्या दोराची नोंद करीत आहोत, ती वाचणारा माणूस आपल्याला ओळखत नसेल आणि त्याला विचारायला आपण तेथे नसू. त्याने आपल्या लेखी शब्दावर भिस्त ठेवून मुलांना त्या छताखाली निजवावे, इतके ते लिहिणे खरे असावे. गणित त्या शब्दाचे रक्षण करील. तो खरा करण्याचे काम आपल्याच हातांनी व्हायचे आहे.

सोनई, ता. नेवासे, जि. अहिल्यानगर
विजयादशमी, शके १९४७